थ्री-पिन सॉकेट असलेली पॉवर बँक निवडण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आईला घेऊन सोलापूरहून रेल्वेने मुंबईला व तिथून विमानाने दिल्लीला जायचे असून, तिचा नेब्युलायझर (औषधाची वाफ करून श्वासावाटे देणारे यंत्र) २३० व्होल्टवर चालत असल्याने थ्री-पिन सॉकेटची पॉवर बँक हवी आहे. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतचीच बँक विशेष परवानगीशिवाय, तीही केबिनमधील सामानातच नेता येते, म्हणजे आतील बॅटरीच्या ३.७ व्होल्टच्या हिशेबाने साधारण २७,००० एमएएच. मला खरी चिंता सॉकेटची वाटते, कारण नेब्युलायझरमधील कॉम्प्रेसरची (हवा दाबणाऱ्या पंपाची) मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह ओढते आणि सॉकेटमधून शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखा सुरळीत लहरीचा पुरवठा) मिळत नसेल तर ती तापते. या मर्यादेत असा भार पेलणारे मॉडेल कोणी वापरले आहे का? सोलापुरात नवी पेठेत किंवा शहरात इतरत्र नेब्युलायझर जोडून पाहू देणारे दुकान असल्यास कृपया कळवावे.