मदत हवी आहे: मॅस्टोसायटोसिस असताना तीळ काढायचाय

ताईला (वय ४१) ६ वर्षांपासून स्किनचा मॅस्टोसायटोसिस (ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या मास्ट पेशी त्वचेत जास्त साठतात तो आजार) आहे, डाग घासले की लगेच फुगतात, ट्रिप्टेज (या पेशींचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १८, बोन मॅरोची तपासणी केलेली नाही. आता पाठीवरचा एक तीळ दोन महिन्यांत काळाकुट्ट झालाय, कडा वेड्यावाकड्या, ७ मिमी. डर्मोस्कोपी (खास भिंगातून तपासणी) झाली, पूर्ण काढून बायोप्सीला पाठवायचाय, ते करणारच आहोत त्यामुळे प्लीज घरगुती लेप सुचवू नका. या आजारात मेलानोमा (तिळासारखा दिसणारा त्वचेचा कॅन्सर) जरा जास्त दिसतो असं वाचलं, डॉक्टरांनी फारसं मनावर घेतलं नाही. रोज सेटिरिझिन (अँटीहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी) चालू आहे, आयब्युप्रोफेन या पेनकिलरने एकदा बीपी पडून ॲडमिट करावं लागलं होतं.

हे दोन्ही असलेलं कोणी आहे का इथे? तीळ काढण्याआधी अँटीहिस्टामिन, स्टेरॉइड दिलं होतं का, नंतर दुखायला कुठली गोळी चालली, आणि बाकीचे तीळ किती महिन्यांनी तपासता?