तंबोऱ्याच्या भोपळ्याला मायक्रोफोन लावला की घुमतं. काय करू?

जवारी_कोथरूड: पुढच्या रविवारी सदाशिव पेठेत मैत्रिणीच्या घरी छोटी बैठक आहे, वीस मिनिटं वाजवायचंय. आजीचा मिरजेचा तंबोरा, भोपळ्याला चिकटवलेला पिएझो (कंपनं पकडणारा चपटा मायक्रोफोन), आणि लॅपटॉपमधून उशिराने परत येणारा तोच आवाज. एक तर आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यासारखा येतो. जरा वाढवला की खर्जाच्या आसपास 'घूंऽऽ' सुरू होतं, ते थांबतच नाही. आजी चाळीस वर्षं गाणं शिकवते. ती म्हणाली, "हे तुझं यंत्र नाही गं, भोपळा बोलतोय." तो गप्प कसा करायचा?

सोल्डर: पिएझो थेट लॅपटॉपच्या लाइन इनला जोडलाय का? त्याला एक मेगाओहमच्या पुढचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) लागतो, नाहीतर खर्ज गळून जातो. ऑडिओ इंटरफेसवर (लॅपटॉपला आवाज पोचवणारी पेटी) गिटारचा इनपुट असेल तर तिथे लाव. नसेल तर तापकीर गल्लीतून एक एफईटी (ट्रान्झिस्टरचा प्रकार) आणि दोन-तीन रेझिस्टर आण, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर बफर, म्हणजे मधलं छोटं सर्किट, होतो. वायर शील्डेडच घे.

मागची_रांग: आजींनी अचूक ओळखलं. मी तीस वर्षं हॉलमध्ये साउंड केला, घुमणं मारणं हेच काम. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरचं 'रेनफॉरेस्ट' कळलं तेव्हा मात्र माझे कान बदलले. १९७३च्या चौथ्या आवृत्तीत पिंपं, पत्रे, लाकडं टांगलेली, प्रत्येकाला ट्रान्सड्यूसर (वस्तूलाच थरथरवून स्पीकर करणारं यंत्र) लावलेला. आवाज वस्तूत सोडायचा, आणि ती स्वतःच्या अंगाने जे परत देईल ते वाजवायचं. श्रोते मधून फिरतात. तंबोऱ्याचा भोपळा दुसरं काय करतो?

आणि हे परकं नाही हो. याच ट्यूडरने १९६९मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) मूग सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य, उभारून दिला, आणि गीता साराभाईंसारख्या संगीतकारांनी त्यावर काम केलं. त्याआधी १९४६मध्ये गीताबाईंनी न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केजला आपलं संगीत शिकवलं, त्याच्याकडून काउंटरपॉइंट (एकाच वेळी अनेक स्वरओळी गुंफण्याची पाश्चात्त्य पद्धत) शिकून घेतला. देणंघेणं दोन्हीकडून होतं. तुमच्या घरात तेच चाललंय, म्हणून आजींना नुसतं श्रोत्यांत बसवू नका.

आता कामाचं. स्पीकर भोपळ्यापासून लांब आणि पाठ करून ठेवा. गेन (आवाज वाढवायचं प्रमाण) घूं जेमतेम जागं होईल एवढाच. मग तळहात भोपळ्यावर टेकवा, घुमणं दबतं. उचला, परत येतं. तो हात हेच तुमचं वाद्य. शेवटी लिमिटर (आवाज ठराविक पातळीवर अडवणारा) हवाच, कानांसाठी.

जवारी_कोथरूड: काल रात्री केलं. गिटार इनपुटने खर्ज परत आला. घूं मात्र सा'च्या किंचित खाली लागत होतं, तारांशी भांडत होतं. आजी दोन मिनिटं डोळे मिटून ऐकत राहिली. मग काही न बोलता खुंट्या सैल केल्या, तंबोरा काळी चारवरून पांढरी पाचला उतरवला, आणि मणी सरकवून खर्ज त्या घूंवर मिळवला. तार नि भोपळा एकमेकांत मिसळले तेव्हा खिडकीची काच थरथरत होती!

रविवारी खुंट्या तिच्याकडे, तळहात माझा. लिमिटर किती डेसिबलवर ठेवू, ते तेवढं सांगा.