चर्चा धागा: चार पत्रकं मांडली, पक्ष ओळखता येईना

घोडबंदरी (धागाकर्ता)

महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला उरकलं, पण पत्रकं मी अजून रद्दीत टाकलेली नाहीत. ठाण्यात २०१७ नंतर थेट आत्ता निवडणूक. नऊ वर्षांची साठलेली हौस, रोज दाराच्या फटीतून एक तरी सरकायचंच. काल चार पक्षांची चार पत्रकं जेवणाच्या टेबलावर मांडली, फोटो आणि चिन्हं पेपरने झाकली आणि बायकोला म्हटलं, सांग कुणाचं कुठलं. एकही बरोबर आलं नाही. पाणी, घोडबंदरची कोंडी, क्लस्टर (जुन्या इमारतींचा एकत्रित पुनर्विकास), ठाण्याचं स्वतःचं धरण. फरक काय, तर एकात पाणी 'मुबलक', दुसऱ्यात 'मुबलक व शुद्ध', तिसऱ्यात '२४ तास'. (हे वाचत असताना खाली टँकर लागला होता.)

माझं म्हणणं असं की पक्ष मुद्द्यांवर भांडतच नाहीत. भांडण म्हणजे एक 'हो' म्हणतो, दुसरा 'नको'. इथे सगळेच 'हो'. मग उरते बोली. २०२४ च्या विधानसभेला लाडक्या बहिणीचे १५०० चालू होते, महायुती २१०० म्हणाली, आघाडी ३००० म्हणाली. 'हे देणं योग्य नाही' म्हणणारा एक मोठा पक्ष दाखवा.

वाशीकर

साफ असहमत. बोली लागते म्हणूनच पदरात काही पडतं. तुम्ही मुलुंडचा नाका रोज ओलांडत असाल, किती टोल भरता? शून्य. कारण १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला आणि दुसऱ्याच दिवशी निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. मनसेने वर्षानुवर्षं टोलवर रान उठवलं नसतं तर महायुतीला तो मुद्दा उचलावासा वाटला असता का? घाम एकाचा, श्रेय दुसऱ्याचं, पण ४५ रुपये वाचले ते माझे.

घोडबंदरी

वाचले कसले! ठेकेदाराची मुदत संपली नव्हती, भरपाई सरकारी तिजोरीतून. उजव्या खिशातले डाव्यात.

पारावरचा

मुद्दा पळवणं जुनंच आहे हो. २००४ आठवा. शेतकऱ्यांना मोफत वीज देऊ असं बाळासाहेब ठाकरे म्हणाले. सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने निवडणुकीआधीच देऊन टाकली, काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी पुन्हा आली आणि २००५ मध्ये सवलत गुंडाळली. वाशीकर, पदरात पडलेलं परत काढूनही घेतात.

चरईची_ताई

पंधराशेचा विषय निघाला की इथल्या सगळ्या पुरुषांना तिजोरी आठवते. माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंनी पहिल्या हप्त्यातून मुलाचा चष्मा केला. तिच्या दृष्टीने तो निवडणुकीतला सर्वांत खरा मुद्दा होता. विरोध कुणी केला नाही, कारण तिच्या तोंडावर 'नको' म्हणायची कुणाची छाती नव्हती. ती लोकशाहीच झाली की! २१०० चं काय झालं, हे मात्र ती मला दर महिन्याला विचारते.

राज्यशास्त्रवाली

शब्द हवेत तर घ्या. ज्या मुद्द्यावर सगळ्यांना एकच हवं असतं, त्याला राज्यशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टोक्सने १९६३ मध्ये 'व्हॅलेन्स' मुद्दा म्हटलं. पाणी तसला. तिथे लढाई 'काय' ची नसते, 'कोण करून दाखवेल' याची असते. जॉन पेट्रोसिक या दुसऱ्या अभ्यासकाने १९९६ मध्ये मुद्द्याच्या मालकीची कल्पना मांडली: एखादा विषय निघाला की लोकांना आपोआप एक पक्ष आठवतो, म्हणून तो पक्ष तोच विषय काढत राहतो. धागाकर्त्यांनी चेहरे झाकले, म्हणजे नेमकी लढाईच झाकली.

साडेबारा_टक्के

मालकीचं म्हणता, तर आमच्याकडे नवी मुंबईत या. इथल्या प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. १९८४ च्या जासई आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले. मुद्दा कुणाच्या मालकीचा होता, हे लहान पोरही सांगेल. पुढे नवी मुंबई विमानतळाच्या नावाचा वाद आला. २४ जून २०२१ ला सिडकोला (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) घेराव घातला, तेव्हा दिबांचं नाव सगळ्यांच्याच तोंडी. आघाडी सरकारला बाळासाहेबांचं नाव हवं होतं. त्याच सरकारने जून २०२२ च्या शेवटच्या बैठकीत दिबांचं नाव मंजूर केलं आणि नव्या सरकारने महिन्याभरात तेच पुन्हा मंजूर केलं. एका नावाला दोन सरकारांच्या मंजुऱ्या! आणि ज्यांचा मुद्दा, तो शेकाप नवी मुंबईत आज कुठे आहे? मुद्दा जिंकतो, पक्ष संपतो. गावठाणातली आमची घरं मात्र दर निवडणुकीला पहिल्यापासून नियमित व्हायला लागतात.

वाशीकर

दिबांबद्दल +१. आणि घोडबंदरी, 'नको' कुणी म्हणत नाही हे खोटं. १४ गावं नवी मुंबई महापालिकेत घ्यायची की नाही, यावर आमच्याकडे उघड हो-नको झालं. गंमत म्हणजे राज्यात एकत्र सत्तेत असलेल्या दोन पक्षांतच.

घोडबंदरी

हे मान्य. चेहरे झाकल्याचा आरोपही मान्य. पण पाणी, धरण यांत नको म्हणणार तरी कोण?

शहापूरकर

मी म्हणणार. इतका वेळ नुसता वाचत होतो. तुमच्या पत्रकातलं 'ठाण्याचं स्वतःचं धरण' ठाण्यात होणार नाही, शाई नदीवर आमच्याकडे व्हायचं आहे. भातसा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबई-ठाण्याला आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. तुमच्या टेबलावरच्या चौघांत 'नको' नाही, कारण 'नको' म्हणणारे तुमच्या वॉर्डात मत देत नाहीत. त्यातल्याच एका पक्षाचा इथला पुढारी आमच्या सभेत बुडीत क्षेत्राविरुद्ध बोलून गेला. चिन्ह तेच, पत्रक वेगळं. जपून ठेवलंय. पाचवं म्हणून टेबलावर मांडायचं असेल तर फोटो पाठवतो.