मागच्या चाकांची ओढ: लिमिटेड स्लिप की ट्रॅक्शन कंट्रोल?

पहिले पत्र

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

रिअर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ओढ मागच्या चाकांना मिळणारी, एक वापरलेली गाडी घेण्याचा विचार आहे. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या पाहिल्या आहेत. एकीत कारखान्यातूनच लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जास्त ओढ देणारे) बसवलेले आहे, तर दुसरीत साधे डिफरेन्शियल असून जोडीला ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू लागले की आवरणारी संगणकाची यंत्रणा) आहे. विक्रेता म्हणतो की इलेक्ट्रॉनिक्स आल्यापासून यांत्रिक लिमिटेड स्लिपला काही अर्थ उरलेला नाही. मोटारींच्या शौकिनांना विचारावे, तर ते सांगतात की लिमिटेड स्लिप नसेल तर तसली गाडी घेऊच नये. मला गाडी रोज वापरायची आहे, हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असतो आणि वाटेत थोडा चढही आहे. जाणकारांनी कारणांसह सांगितले तर निर्णय घेणे सोपे जाईल.

आपला,
एक सभासद

दुसरे पत्र

सप्रेम नमस्कार.

विक्रेता आणि शौकीन दोघेही दोन निराळ्या कामांना एकाच मापाने मोजत आहेत. इंजिनाकडून आलेला टॉर्क (चाक फिरवणारा जोर) दोन चाकांमध्ये कसा वाटायचा, हे डिफरेन्शियल ठरवते. मुळात किती टॉर्क येऊ द्यायचा, हे ट्रॅक्शन कंट्रोल ठरवते. पुढे ट्रॅक्शन कंट्रोलला घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक परस्पर लावण्याची मुभा मिळाली आणि ते वाटणीच्या कामातही शिरले, म्हणून ही तुलना होऊ लागली.

आपल्या चढाचेच उदाहरण घेऊन आकडे मांडतो. गाडी १६०० किलोची आहे, निम्मे वजन मागच्या अ‍ॅक्सलवर आहे आणि चढ दहा टक्क्यांचा आहे असे धरू. गाडी नुसती खाली न घसरता तिथे टिकवायला साधारण १५६० न्यूटन ओढ लागते. मागचे एक चाक कोरड्या डांबरावर आहे आणि दुसरे गुळगुळीत बर्फावर. घर्षणांक (पकडीचे माप) अनुक्रमे ०.८ आणि ०.१ धरले, तर डांबरावरचे चाक सुमारे ३१४० न्यूटन पेलू शकते आणि बर्फावरचे जेमतेम ३९०. साधे डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देते. त्यामुळे बर्फावरचे चाक ३९० न्यूटनांवर सुटले की डांबरावरच्या चाकालाही तेवढेच मिळतात. एकूण ओढ होते ७८०. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी एक चाक गरगर फिरत राहते आणि गाडी जागची हलत नाही.

आता त्याच जागी गिअरांचे, म्हणजे टॉर्सन जातीचे लिमिटेड स्लिप बसवू. त्याचे बायस-गुणोत्तर अडीच असेल, तर कमी पकडीच्या चाकाच्या अडीचपट टॉर्क ते दुसऱ्या चाकाला देऊ शकते. ३९० आणि ९७५ मिळून १३६५ होतात. साध्यापेक्षा पुष्कळ बरे, पण चढ चढायला तरीही अपुरे! आणि बर्फावरचे चाक हवेतच लटकत असेल, तर शून्याची अडीचपट शून्यच येते. एकमेकींवर घासणाऱ्या क्लच प्लेटांच्या जातीत मात्र बहुधा स्प्रिंगचा पूर्वदाब (आधीपासूनचा दाब) असतो, म्हणून एक चाक अधांतरी असले तरी दुसऱ्याला काही ना काही टॉर्क पोहोचतो. तिसरी जात सिलिकॉन द्रवावर चालणाऱ्या व्हिस्कसची. ती चाकांच्या वेगात फरक पडल्यावरच जागी होते आणि तापल्यावर तिचा स्वभाव बदलतो. माझदाने एमएक्स-५ मध्ये १.६ लिटर इंजिनाबरोबर व्हिस्कस दिले होते आणि १.८ लिटर इंजिन आल्यावर टॉर्सन घेतले, यावरून त्या दोन जातींबद्दलचे कारखान्याचे मत कळते.

आता साधे डिफरेन्शियल आणि ब्रेक लावणारे ट्रॅक्शन कंट्रोल पाहू. संगणकाने बर्फावरच्या चाकाला २००० न्यूटनांइतका ब्रेक लावला, तर डिफरेन्शियलच्या दृष्टीने ते चाक २३९० न्यूटनांचा विरोध करत आहे, आणि तेवढाच टॉर्क डांबरावरच्या चाकालाही जातो. जमिनीवर एकूण ओढ २७८० न्यूटन मिळते आणि गाडी चढ सहज चढते. मात्र इंजिनाला ४७८० न्यूटनांचा जोर लावावा लागतो आणि त्यातले २००० ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातात. चाकाचा घेर सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरत असेल, तर एकट्या ब्रेकमध्ये १० किलोवॅट उष्णता तयार होते. चढावर काही सेकंद हे चालते. वाळूत किंवा लांब निसरड्या घाटात मिनिटामागून मिनिट चालले, तर अनेक गाड्यांचा संगणक ब्रेकच्या तापमानाचा अंदाज घेऊन ही मदत स्वतःहून थांबवतो.

एक जुनी युक्ती इथेच सांगून टाकतो. टॉर्सनच्या गाडीत हँडब्रेक हलकासा ओढून दोन्ही मागच्या चाकांना ३०० न्यूटनांचा विरोध केला, तर बर्फावरच्या बाजूला ६९० होतात, दुसऱ्या बाजूला त्याच्या अडीचपट म्हणजे १७२५ मिळतात, त्यातले ३०० ब्रेकने खाल्ले तरी १४२५ जमिनीपर्यंत पोहोचतात आणि एकूण ओढ १८१५ होते. मघाशी अडलेला चढ आता चढता येतो. संगणक ब्रेक लावून जे करतो, त्याचीच ही हाताने केलेली ओबडधोबड आवृत्ती आहे. हँडब्रेकच्या ठिकाणी बटण असलेल्या गाडीत ती करू नये.

आता दोन्ही चाके बर्फावर असली तर काय होते, याचा विचार करू, कारण आपल्या हिवाळ्यात हेच जास्त वेळा घडणार आहे. दोन्ही बाजूंची पकड सारखीच कमी असल्यावर वाटणी कशीही केली तरी एकूण ओढ वाढत नाही. उलट लिमिटेड स्लिपमुळे दोन्ही चाके एकदम गरगर फिरू लागतात, आणि अशा फिरणाऱ्या चाकाला आडवी पकड जवळजवळ राहत नाही, त्यामुळे गाडीचे ढुंगण रस्त्याच्या उताराच्या बाजूला सरकते. साध्या डिफरेन्शियलमध्ये एकच चाक गरगर फिरते आणि न घसरणारे दुसरे चाक गाडी सरळ धरून ठेवते. अशा वेळी उपयोग होतो तो इंजिनाचा टॉर्क तोडणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा, आणि त्याहून जास्त हिवाळी टायरांचा. म्हणून मी दुसरी गाडी घ्यावी असे म्हणेन, आणि लिमिटेड स्लिपसाठी जास्तीचे पैसे मोजावे लागणार असतील तर ते चार चांगल्या हिवाळी टायरांवर घालावेत.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

तिसरे पत्र

काकांना व सर्वांना नमस्कार.

काकांनी मांडलेला हिशेब बिनचूक आहे, पण तो सरळ चढाचा आहे. रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा कस वळणावर लागतो, आणि तिथे चित्र पालटते. वळणात आतल्या चाकावरचे वजन कमी होते, पण ते सहसा शून्यावर जात नाही. त्यामुळे गिअरांच्या लिमिटेड स्लिपला ज्या परिस्थितीत काम करायला आवडते, नेमकी तीच तिथे असते. बाहेरच्या भारलेल्या चाकाला जास्त टॉर्क मिळतो आणि गाडी वळणातून बाहेर पडताना जोर धरते. ब्रेकवाल्या पद्धतीला आधी चाक घसरावे लागते, मग सेन्सरला ते कळते, मग पंप दाब तयार करतो. हा उशीर थोडाच असला तरी बसल्या जागी जाणवतो. शिवाय बऱ्याच गाड्यांचा संगणक ब्रेकच्या बरोबरीने थ्रॉटलही बंद करतो, म्हणजे ज्या क्षणी इंजिनाची गरज असते त्याच क्षणी ते हात आखडते. ट्रॅकवर काही फेऱ्या मारल्यानंतर मागच्या ब्रेकला जळका वास येतो, तो याच २००० न्यूटनांचा असतो.

दोन्ही चाके एकदम सुटतात हा मुद्दा मान्य आहे, पण तो सगळ्या जातींना सारखा लागू पडत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना दोन्ही वेळा लॉक होणारे, ताठ पूर्वदाबाचे, स्पर्धेसाठी बनवलेले क्लच प्लेटांचे डिफरेन्शियल ओल्या रस्त्यावर खरोखर अंगावर येते. कारखान्यातून आलेले सौम्य बायसचे गिअरांचे डिफरेन्शियल तसे वागत नाही. आणि ही दोन्ही साधने एकाच गाडीत सुखाने नांदतात. टोयोटाच्या जीआर८६ मध्ये टॉर्सनही असते आणि स्टॅबिलिटी कंट्रोलही (ट्रॅक्शन कंट्रोलसह गाडी घसरण्यापासून सावरणारी यंत्रणा). तेव्हा प्रश्नकर्त्यांनी पाहिलेल्या पहिल्या गाडीतही ट्रॅक्शन कंट्रोल असेल, तर ‘हे की ते’ अशी निवड करण्याचे कारणच उरत नाही.

आपला,
आणखी एक सभासद

चौथे पत्र

सप्रेम नमस्कार.

वळणाबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि पहिल्या गाडीत दोन्ही असतील तर माझा टायरांचा आग्रह कायम ठेवून ती गाडी घ्यायलाही माझी हरकत नाही. मात्र प्रश्नकर्त्यांनी रोजच्या वापराचे विचारले होते आणि ट्रॅकच्या फेऱ्या त्यात येत नाहीत.

घेण्यापूर्वी लिमिटेड स्लिप खरोखर आहे का आणि शाबूत आहे का, हे पाहावे. पुढच्या चाकांना ठोकळे लावून, दोन्ही मागची चाके भक्कम स्टँडवर उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून व हँडब्रेक सोडून एक चाक हाताने फिरवावे. दुसरे त्याच दिशेने फिरले तर क्लच प्लेटांचे किंवा पूर्वदाब असलेले दुसरे लिमिटेड स्लिप काम करत आहे असे समजावे. उलट फिरले म्हणून मात्र साधे डिफरेन्शियल आहे असे लगेच ठरवू नये. पूर्वदाब नसलेले टॉर्सन हाताच्या जोरावर साध्यासारखेच वागते, व्हिस्कसही हळू फिरवल्यावर तसेच करते, आणि प्लेटा झिजून गेलेल्या असल्या तरी हेच दिसते. अशा वेळी चासी क्रमांकावरून कारखान्याची नोंद तपासणे हा खात्रीचा मार्ग आहे. क्लच प्लेटांची जात असेल तर डिफरेन्शियलचे तेल कधी बदलले आणि त्यात घर्षण सुधारणारे द्रव्य घातले होते का, हेही विचारावे. ते नसेल तर पार्किंगमध्ये हँडल पूर्ण वळवून हळू जाताना मागून कटकट असा आवाज येतो. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत, नाहीतर सरळ रस्त्यावरही डिफरेन्शियल सतत काम करत राहते आणि तापते.

आणि एक गोष्ट कृपया विसरू नये. लिमिटेड स्लिपच्या गाडीचे एकच मागचे चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नये, कारण जमिनीवरच्या चाकाला ओढ मिळते आणि गाडी जॅकवरून पुढे निघते.

आपला,
तोच ज्येष्ठ सभासद