'नटसम्राट' सिनेमा नाटकापेक्षा सरस? साफ नामंजूर

तिसरी घंटा

काल इथे एका सदस्याने लिहिलं की २०१६चा 'नटसम्राट' हा चित्रपट मूळ नाटकापेक्षा सरस आहे, नाटक आज नुसती आरडाओरड वाटतं आणि सिनेमातल्या नानाने नाटकातल्या डॉ. श्रीराम लागूंना मागे टाकलं. खाली "अगदी मनातलं बोललात" अशी रांग लागली. माझं उत्तर तिथे मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

नाना की लागू हा वाद मला घालायचाच नाही. नाना पाटेकर ताकदीचा नट आहे आणि ती भूमिका त्याने जीव ओतून केली आहे. माझं भांडण पटकथेशी आहे.

शिरवाडकरांच्या नाटकातले निवृत्त नट अप्पासाहेब बेलवलकर हे बिचारे म्हातारे नाहीत. घरातही त्यांना प्रेक्षागृहच दिसतं. नातीला नाही ते शिकवतात, चारचौघांत तोंडाला येईल ते बोलतात. सगळी मिळकत मुलांना वाटतात तीसुद्धा टाळ्या घ्यायच्या थाटात. समोरचं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये, हे बायको कावेरी सांगत असते. ऐकणार कोण? शोकांतिका तिथे सुरू होते, मुलांच्या घरी नंतर. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चंही तेच. राज्य देऊन मोकळा झाला, पण राजेपण काही सुटेना.

सिनेमात हा हेकेखोरपणा लाडिक करून टाकला आहे. शिव्या दिल्या तरी आपण कौतुकाने हसायचं. वर रामभाऊ! नाटकात नसलेला हा मित्र आणून दिग्दर्शक महेश मांजरेकरांनी अप्पांचं एकटेपण निम्मं करून टाकलं. स्वगत कशासाठी असतं? ऐकायला दुसरं कुणी उरलं नाही म्हणून.

बदल करू नयेत असं मी म्हणत नाही. जपानी दिग्दर्शक कुरोसावाने 'रान' या सिनेमात (१९८५) लिअरच्या मुलींचे मुलगे केले. पण त्याने म्हाताऱ्याचा दोष कमी केला नाही, वाढवला. ज्यांची घराणी त्याने कापून काढली त्यांच्याच मुली त्याच्या घरात सुना आहेत. म्हातारा वेडा होतो तेव्हा त्याची कीव येते, आणि हे यानेच पेरलं हेही विसरता येत नाही. रूपांतर जोखायची माझी कसोटी हीच.

नाशिककर

असहमत. रामभाऊ ही त्या सिनेमातली सर्वांत अस्सल गोष्ट आहे. दवाखान्यात विक्रम गोखले (रामभाऊ) आणि नाना कर्ण-कृष्णाचा प्रवेश करतात, तो पुन्हा बघा. दोन म्हातारे नट, एक खाटेवर, आणि दोघांनाही आयुष्यात येतं ते एवढंच. नट म्हणजे काय हे त्या प्रवेशात जेवढं कळतं तेवढं दहा स्वगतांत कळत नाही. याच कथेवर २०२३ला तेलुगूत 'रंगमार्तांड' आला, त्यात मित्राची भूमिका ब्रह्मानंदमने केली. जन्मभर हसवलेला माणूस, आणि लोक त्याला बघून रडले. मित्र उपरा असता तर तिकडे कशाला नेला असता?

शुद्धतेचंही फार सांगू नका. जुन्या पिढीतले नट नानासाहेब फाटक यांना लिअर करायचा होता, त्यावरून विषय निघाला. आमच्या तात्यासाहेबांनी, म्हणजे शिरवाडकरांनी, भाषांतर न करता राजाचा नट केला. त्यांना मुभा, मांजरेकरांना नाही?

आणखी एक. आमच्या तालुक्याच्या गावी नाट्यगृह नाही, कधीच नव्हतं. माझ्या वडिलांनी बेलवलकर पहिल्यांदा पाहिले ते सिनेमात. त्यांना काय सांगू, तुम्ही पाहिलं ते दुय्यम होतं?

विंगेतला

नाटकाला आरडाओरड म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. आमच्या हौशी संघाने हे बसवलं तेव्हा मी प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विंगेतून संवाद सुचवायला होतो. अप्पा करणारे काका पहिल्या अंकात असा काही आवाज लावायचे की तिसऱ्या अंकात घशातून नुसता वारा यायचा. मी विंगेतून गरम पाण्याचा पेला पुढे करायचो, ते पाठमोरे होऊन घोट घ्यायचे आणि तसेच 'कुणी घर देता का घर' म्हणायला वळायचे. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत कुजबूज पोचवायची असते हो! लागू तर नाक-कान-घशाचे डॉक्टर. डिसेंबर १९७०मध्ये पहिला प्रयोग झाला, त्याआधी वर्षभरच त्यांनी प्रॅक्टिस सोडली होती. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही ते पेललं. कॅमेरा नाकासमोर असताना पुटपुटणं वेगळं.

धाकटी सून

तुम्ही सगळे नटांवर आणि आवाजांवर बोलताय. नाटक असो की सिनेमा, खापर शेवटी फुटतं सुनेच्या आणि मुलीच्या डोक्यावर, याबद्दल कुणी बोलेल का?

माझे सासरे बेलवलकरांसारखेच होते. वन-बीएचकेमध्ये सहा माणसं. रात्री अकराला मोठ्याने रेडिओ, माझ्या माहेरच्यांसमोर माझ्या स्वयंपाकाचे वाभाडे, मुलाला शिकवलेल्या शिव्या तो शाळेत देऊन आला तेव्हा बाईंसमोर खाली मान घालून उभी मी. सासऱ्यांच्या गोष्टींना अख्खी सोसायटी हसायची. मी एकदा "बाबा, पुरे" म्हटलं तर वर्षभर मी नातेवाइकांत कैदाशीण. सिनेमा बघून जाऊबाईंनी मला फोन केला, "बघ, म्हाताऱ्या माणसाचं काय होतं ते." त्यांचं जेवणखाण, औषधं, शेवटची दोन वर्षं अंथरुणातलं सगळं मी केलं. त्यावर कुणी तीन अंकी लिहीत नाही.

साताऱ्याचा दादा

ताई, तुमचं तुमच्यापुरतं खरं असेल. पण आमच्या चुलत्यांनी राहता फ्लॅट मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून दिला. दोनशे रुपयांची स्टॅम्प ड्युटी, अर्ध्या तासाचं काम. पुढच्या दिवाळीला काकूंचे देव गॅलरीत आणि हे दोघं गावच्या पडक्या घरात. तिथेही सूनच होती.

धाकटी सून

तिथे मुलगाही होता ना? फ्लॅट कुणाच्या नावावर झाला? सही कुणी घेतली? तरी तुमच्या वाक्यात शेवटी "सूनच होती". माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत.

साताऱ्याचा दादा

म्हाताऱ्यांना हाकलणाऱ्यांची वकिली करायची असेल तर करा. मी काकांना रडताना पाहिलंय.

धाकटी सून

मी कुणालाही हाकललेलं नाही. शब्द जपून वापरा.

कोर्टाची पायरी

दोघेही जरा दमाने घ्या. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ वाचा. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल आणि मुलं सांभाळत नसतील तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा. पण ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. लोक "प्रेमापोटी देत आहे" एवढंच लिहितात आणि मग अडकतात.

साताऱ्याचा दादा

काकांच्या कागदात अट नाही. तरी काही करता येईल का?

कोर्टाची पायरी

येऊ शकतं. अटीशिवायचं जास्त अवघड, पण निर्वाहखर्चाचा अर्ज तर करताच येतो, त्याला बक्षीसपत्राशी देणंघेणं नाही. कागद घेऊन स्थानिक वकिलाला भेटा, लांबवू नका.

तिसरी घंटा

धागा कुठल्या कुठे गेला! पण धाकटी सून यांच्या लिहिण्यातच माझा मुद्दा आहे. मूळ नाटकात सुनेचा वैताग कळतो, कारण अप्पा खरोखर असह्य आहेत. सिनेमाने त्यांना गोड केलं की सून आपोआप खलनायिका होते. जाऊबाईंचा फोन सिनेमानंतर आला, हे विसरू नका.

नाशिककर, कर्ण-कृष्णाचा प्रवेश चांगला आहे, नाइलाजाने मान्य करतो. पण तो दोन नटांच्या मैत्रीचा वेगळा सिनेमा आहे. तोच काढायचा होता.

धाकटी सून

नाही हो, तुमच्या नाटकालाही एवढ्या स्वस्तात सोडणार नाही. मी ते यूट्यूबवर लागूंचं पाहिलंय. सुनेचा वैताग कळतो म्हणता, पण प्रेक्षागृहातल्या टाळ्या कुणाला पडतात? अप्पांना. सून तोंड उघडते तेव्हा लोक मनातल्या मनात दात-ओठ खातात. नाटककाराने तिला एक तरी स्वगत द्यायला हवं होतं.

नाशिककर

हे मात्र पटलं. कुरोसावाने सुनेला सूड दिला, आवाज दिला. आपल्याकडे नाटकात नाही, सिनेमात नाही. तिसरी घंटा, तुमची कसोटी आता नाटकालाही लावा.

तिसरी घंटा

लावतो. 'रान'मधली सून काएदे आणि आपली सून समोरासमोर ठेवली तर नाटक उणं पडतं, एवढं कबूल. सिनेमा तरीही खालीच.