नियमातच भेद होता

'अमेरिकेत सरकारी मदतीचे नियम सर्वांना सारखेच होते, भेदभाव करायचे ते कर्मचारी' असा मुद्दा मांडला जातो, तो मला अर्धाच पटतो. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातल्या वृद्धापकाळाच्या विम्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेतल्या बहुतेक कमावत्या काळ्या बायका नेमकी हीच कामं करायच्या!

अलाबामा या दक्षिणेतल्या राज्यात तर आईचे एखाद्या पुरुषाशी संबंध आहेत असं ठरलं की गरीब मुलांची सरकारी मदत बंद व्हायची. तो मुलांचा बाप नसला, एक पैसा देत नसला तरीही. बाईच्या खासगी आयुष्यात एवढी ढवळाढवळ, आणि उपाशी राहणार मुलं. चीड येते. तिथल्याच सेल्मा गावातली चार मुलांची विधवा आई, पहाटे साडेतीनपासून उपाहारगृहात राबणारी, याविरुद्ध कोर्टात गेली. १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला.