एम्युलेटरला ‘अनुकारक’ म्हणू का?

बर्डीवाला: लिनक्सवर जुने गेम कसे चालवायचे यावर गल्लीतल्या पोरांसाठी मराठीत चार पानं लिहून राहिलो. कोणाला कोणता एम्युलेटर, म्हणजे जुनं मशीन पीसीवर वठवणारा प्रोग्रॅम, ते झालं: झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाला फ्यूज, तशाच कमोडोर ६४ ला व्हाइस, डॉसच्या गेमला डॉसबॉक्स, आर्केडला मेम. एम्युलेटरला ‘अनुकारक’ लिहिलं. गाडी अडली वाइनपाशी, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवते ते. त्याच्या नावाची फोडच ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’. ‘वाइन अनुकारक नाही’ असं वाचून भाचा म्हणे, ‘मामा, विंडोजची नक्कल तर करते ना ते?’ काय सांगू?

जुना_जॉयस्टिक: वाइन दुभाषी आहे. विंडोजचा प्रोग्रॅम जे मागतो ते लिनक्सकडून करून घेतं, प्रोसेसर तुमचाच. स्पेक्ट्रमचा झेड८० प्रोसेसर मात्र पीसीत नसतोच, फ्यूजला तो अख्खा वठवावा लागतो. सोंग वठवतात तसा. ‘सोंगाड्या’ काय वाईट?

शुद्धमती: सोंगाड्या हसवतो. मूळ लॅटिन शब्दात बरोबरी, चढाओढ आहे. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम/३६० संगणकावर त्यांच्याच जुन्या १४०१ संगणकाचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून केलेल्या सोयीला एम्युलेटर म्हणत. ‘तुल्यक’ घ्या.

तर्रीपोहे: तुल्यक! वजनकाट्याचं दुकान हाय का बाप्पा? सोपं सांगतो. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल म्हणजे सिम्युलेटर, दिसते बैल पण वखराला जुंपता येत नाही. एम्युलेटर जुंपता आला पाहिजे.

जुना_जॉयस्टिक: वैमानिक सिम्युलेटरवरच शिकतात, भाऊ. लाकडी बैल कसा?

बर्डीवाला: आणि कार्ट्रिजला, म्हणजे मशीनमध्ये खोचायच्या गेमच्या डबीला, ‘कॅसेट’ लिहिलंय. चालेल ना?

शुद्धमती: अजिबात नाही. स्पेक्ट्रमचे गेम खरोखरच टेपच्या कॅसेटवर येत, पोरं गोंधळतील. आपल्याकडे ‘काडतूस’ आहे की! पोर्तुगीजांकडून आलेला, कार्ट्रिजचा चुलतभाऊच.

तर्रीपोहे: दुकानात दहा रुपये भाडं देऊन ‘काका, काडतूस द्या’ म्हटलं असतं तर काकांनी कानफटातच दिली असती. आम्ही कॅसेटच म्हणत होतो. लागली नाही की फुंकर मारायची.

बर्डीवाला: मग अनुकारक ठेवू का?

तर्रीपोहे: थांबा हो. त्या फुंकरीनं खरंच काही होत होतं का?

जुना_जॉयस्टिक: काढून परत बसवल्यानं होत होतं. फुंकरीतल्या ओलाव्यानं पिना खराबच होत.

शुद्धमती: ‘पिना’ नव्हे, ‘टाचण्या’.